जिरणाऱ्या पाण्याची वजावट

मुसळधार पावसात जमीन पाण्याने तुडुंब होते आणि त्यानंतर पडलेले सारे पाणी वाहूनच जाते; म्हणून जिरवण, बाष्पीभवन व खळग्यांत अडकणारे पाणी यांची वजावट न करता नाल्यांचा आराखडा करणे सर्वांत सुरक्षित, असे मत पर्जन्यजल निचऱ्याच्या क्षेत्रात बळकट आहे. त्याला मुंबईचा दाखला दिला जातो. तेथील जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पाऊस आणि 0.5 अपवाह गुणांक, म्हणजे पडलेल्यापैकी निम्मेच पाणी वाहेल असे गृहीत, धरून बांधलेल्या होत्या. 1993 च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने हे माप 50 मिलिमीटर आणि गुणांक 1 असे सुचवले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाल्यावर क्षमता वाढवण्याच्या गरजेबद्दल वाद उरला नाही. डांबर-काँक्रीटने झाकलेल्या नगरात वाहिनीचा आकार ठरवण्यापुरते ते गृहीत योग्यच होते.

तेच गृहीत डहाणू तालुक्यातील नरपडला लावणे मात्र घातक आहे. चिकूच्या वाड्या, भातखाचरे आणि किनाऱ्यालगतची रेताड जमीन असलेल्या या गावात बांधकामापूर्वीचाच अपवाह शंभर टक्के मानला, तर बांधकामानंतरचा अपवाहही तेवढाच निघतो आणि वाडी तोडून फरसबंदी केल्याने काहीच बिघडत नाही, असे निचऱ्याचे संगणकीय प्रारूप बिनदिक्कत सिद्ध करते. एक हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर 1000 घनमीटर पाणी येते. समजा त्यातले पूर्वी 400 घनमीटर वाहत होते आणि फरसबंदीनंतर 900 वाहू लागले, तर शेजाऱ्याच्या अंगणात जाणारे 500 घनमीटर वाढीव पाणी त्या ‘सुरक्षित’ गुणांकाने कागदावरून पुसले जाते. केंद्र सरकारने 1991 च्या अधिसूचनेने ज्या तालुक्याला पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवले, तेथे तर मूळ स्थितीचे मोजमाप हाच निर्णयाचा पाया असायला हवा.

दुसरा युक्तिवाद संगणकाच्या साक्षीचा असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे ‘स्वम’ (SWMM) हे 1971 पासून विकसित होत आलेले प्रारूप गणनेच्या प्रत्येक धावेअखेर जलताळेबंद मांडते, म्हणजे पाऊस एका बाजूला आणि जिरवण, बाष्पीभवन, साठा व अपवाह दुसऱ्या बाजूला. दोहोंतील तफावत एक टक्क्याच्या आत आली की प्रारूप बरोबर, असे मानले जाते. वस्तुतः त्यावरून केवळ बेरीज-वजाबाकी चुकलेली नाही एवढेच कळते. जिरवणीचा दर चौपट चुकीचा दिला, तरी ताळेबंद तितकाच नेटका जुळतो.

शिवाय हे दर बहुधा परक्या कोष्टकांतून येतात. खळग्यांत साठणाऱ्या पाण्याचे प्रचलित आकडे फरसबंदीसाठी एक-दोन मिलिमीटरांपासून जंगलातील पालापाचोळ्यासाठी सुमारे साडेसात मिलिमीटरांपर्यंत जातात; चिखलणी केलेल्या खाचराला त्यांत जागाच नाही. चिखलणीमुळे तेथे पाणी फार जिरत नाही, परंतु वीतभर बांधामागे 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस थोपून राहू शकतो. कोष्टक हे अडवलेले पाणी शून्यवत करते; खाचरावर भराव पडल्यावर ते रस्त्यावर उतरते.

ऑगस्टमध्ये किनारपट्टीत भूजल वर येते, जिरवण मंदावते आणि भरतीच्या वेळी नाल्यांची तोंडे दबतात, हा आक्षेप खरा आहे. मात्र त्यावरून वजावट काळानुसार बदलते एवढेच निष्पन्न होते. जलशास्त्रज्ञ हॉर्टनने 1930 च्या दशकात मांडलेले सूत्रही हेच सांगते की कोरड्या जमिनीत जिरवण वेगाने सुरू होते आणि भिजत जाताना एका स्थिर दरापाशी येते. म्हणून जूनची कोरडी जमीन आणि ऑगस्टची तृप्त जमीन यांच्या वेगळ्या धावा घ्याव्यात, भूजल व भरतीची पातळी प्रारूपात जोडावी, आणि वाडी, खाचर, रेताड पट्टा व पायवाट येथे जमिनीत रोवलेल्या दोन कड्यांत पाणी भरून जिरवणीचा दर प्रत्यक्ष मोजावा. वाडीत जिरलेले गोडे पाणीच किनाऱ्यावरील विहिरींत खारे पाणी शिरण्याला आवर घालते; त्यामुळे पावसाळ्याआधी व नंतर विहिरींची पातळी मोजून प्रारूपाने दाखवलेली जिरवण पडताळता येते. ही पडताळणी न झालेल्या प्रारूपाच्या आधारे कोणत्याही वाडीला बिगरशेतीची परवानगी मिळू नये.