सौदा ठरण्याआधी स्पिंडल फिरवून पाहा

तळोजा एमआयडीसी आणि कळंबोलीचा लोखंड बाजार जवळ असल्याने पनवेल परिसरात ग्रिल, गेट, शेडची कामे करणारे छोटे गाळे पुष्कळ आहेत. आपल्या घरांतली आयटीआय झालेली मुलेही या धंद्यात उतरतात. नव्या यंत्राइतके पैसे नसतात, म्हणून कुणाच्या तरी गाळ्यातले जुने पिलर ड्रिल घेतले जाते. त्या रकमेत कधी आईची बांगडी असते, कधी मामूंनी दिलेले कर्जे-हसना. आणि विकणारा ओळखीचा निघाला की मुलगा संकोचतो. तपासले तर त्यांना वाईट वाटेल, असे त्याला वाटते.

हा संकोच सोडावा, असे आम्हाला सांगायचे आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना आतला ओलावा लागला. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. जुन्या यंत्रावरचा ताजा रंग हाही कधीकधी वरचा कोरडा थरच असतो. तेव्हा हात आत घालावा.

यंत्र थंड असताना पाहायला जा. आधी चालू करू देऊ नका. मेन स्विच बंद करून बेल्ट सैल करा आणि स्पिंडल हाताने सावकाश फिरवा. खरखर किंवा अडकल्यासारखे जाणवले तर बेअरिंग गेली आहे. मग हँडल ओढून क्विल पूर्ण खाली आणा, चक धरून आडवा हलवा. किंचित प्ले जुन्या यंत्रात असतोच. ‘टक्’ असा आवाज आला तर क्विल आणि तिचे घर झिजले आहे.

चकमध्ये सरळ गोल रॉड पकडा. शेजारी टोकदार तार घट्ट बसवून स्पिंडल हाताने फिरवा. तार आणि रॉडमधली फट कमीजास्त होत असेल तर रॉड डगमगतो आहे. आता चक काढून स्पिंडलच्या टेपरमध्ये डायल इंडिकेटर लावा. टेपर सरळ फिरत असेल तर दोष चकचा, म्हणजे थोडक्या खर्चाचा. टेपरच डगमगत असेल किंवा आत खोल ओरखडे असतील तर सौदा सोडलेला बरा. वेगाने फिरणारे ड्रिल डगमगले की तुटते, आणि जवळ हात असतो तो आपल्याच मुलाचा.

एल आकारात वाकवलेली तार चकमध्ये धरून टेबलावर गोल फिरवा. चारही बाजूंना फट सारखी हवी. टेबलावर पडलेली जुनी भोके चालतील. मात्र हेड, टेबलाचा आर्म आणि बेस यांवर वेल्डिंगचा जोड शोधा. ओतीव लोखंडाचा असा जोड ताणाखाली पुन्हा उघडू शकतो. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात कॉलमला गंज चढतो, म्हणून टेबल वरखाली करून पाहा.

मोटरची पाटी वाचा. ती थ्री फेज असेल आणि गाळ्यात सिंगल फेज जोडणी असेल, तर तो खर्चही किमतीत धरा. शेवटी यंत्र वीस मिनिटे चालवा. बेल्ट बदलून सगळे वेग पाहा. सोबत नेलेल्या जाड पट्टीत १२ मिमीचे भोक पाडा. साध्या लोखंडाला हायस्पीड ड्रिलने मिनिटाला साधारण ७०० फेरे पुरतात. पट्टी क्लॅम्पने बांधा, हातमोजे घालू नका.

बेल्ट, स्विच, चक, बेअरिंग बदलता येतात. त्यांचा खर्च किमतीतून वजा करून मागा. विकणाऱ्यानेही माहीत असलेला ऐब स्वतःहून सांगावा. लपवलेला ऐब नंतर उघड झाला तर माल परत करण्याचा हक्क फिकहमध्ये खरेदीदाराला आहे. त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. पण ऐब ठाऊक असून घेतले तर हा हक्क उरत नाही. १९३० चा मालविक्री कायदाही, माल तपासल्यावर जो दोष दिसायला हवा होता त्याची हमी विक्रेत्यावर गृहीत धरत नाही. म्हणून वरवर पाहून मान डोलावू नये.

पैसे हप्त्याने द्यायचे ठरले तर रक्कम, मुदत आणि सांगितलेले दोष कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत आहे. ओळखीच्या माणसाशी व्यवहार असेल तेव्हा तर कागद हवाच, कारण तिथे पैशांबरोबर नातेही पणाला लागलेले असते.