अल्पभार बालक आणि आपली घुटी

चोपडा, यावल, रावेर येथून जळगावास आणि शिरपूर, साक्रीकडून धुळ्यास अपुऱ्या दिवसांची बालके उपचारार्थ आणली जातात. दीड किलोहून कमी वजनाचे असे बालक नवजात अतिदक्षता विभागात काही आठवडे काढून घरी परतते, आणि मग त्याची आजी आपल्या चिकित्सालयाची पायरी चढते. बाळाने बाळसे धरावे म्हणून तिला घुटी हवी असते. आमचे मत असे की, या बालकाच्या मुखात घुटी, मध वा सुवर्णप्राशन यांपैकी काहीही जाता कामा नये.

जातकर्मातील मधुघृताचा दाखला देऊन काही वैद्यबंधू हे मत शास्त्रबाह्य ठरवतील. परंतु आठव्या मासात ओज अस्थिर असते, हे चरक-सुश्रुत दोघेही सांगतात. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात तर मंदाग्नी, अजीर्ण अशा अवस्थांत लेहनाचा निषेधच आहे. तीस आठवड्यांत जन्मलेल्या जिवाहून अधिक मंदाग्नी कोणास म्हणावे? चोखणे, गिळणे आणि श्वास यांचा मेळ सुमारे चौतिसाव्या आठवड्यापर्यंत नीट बसत नाही. आतडे इतके अपक्व असते की त्याचा काही भाग मृत होण्याचा घातक विकार मुख्यतः याच बालकांत आढळतो. आईच्या दुधाने हा धोका घटतो, पावडरीच्या दुधाने वाढतो. मधातून बोट्युलिझमची बाधा संभवते, म्हणून वर्षाच्या आतील कोणत्याही बालकास तो वर्ज्य आहे. ओल्या सहाणेवरील जंतूंविषयी तर बोलावयासच नको.

मग वैद्याने करावयाचे काय? आमच्या मते येथे वैद्याचा खरा रुग्ण माता होय. स्तन्य हा रसाचा उपधातू. तेव्हा तिचा अग्नी, निद्रा आणि मन यांची चिकित्सा करावी. दादरची भाकरी, दूध, तूप तिला पोटभर मिळते की सासरच्या पथ्यात अडकते, हे आवर्जून विचारावे. बाळ ओढत नसेल तर दर दोन-तीन तासांनी दूध हाताने काढून वाटी-चमच्याने पाजावयास शिकवावे. बाळास उघड्या छातीशी धरण्याची जी पद्धत १९७८ च्या सुमारास बोगोटा येथे सुरू झाली, तिची जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये जन्मापासूनच, दिवसाचे ८ ते २४ तास, शिफारस केली आहे. तीत खर्च काहीच नाही.

गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत साठणारे लोह व कॅल्शियम या बालकास पुरेसे मिळालेले नसते. म्हणून बालरोगतज्ज्ञाने दिलेले लोहाचे व ड जीवनसत्त्वाचे थेंब 'उष्ण पडतात' म्हणून बंद करण्याचा सल्ला आपल्यापैकी कोणी देऊ नये. आईचे दूध अपुरे असेल तेथे दात्या मातेचे दूध हा दुसरा पर्याय. धात्रीची कल्पना आपणांस नवी नाही. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात आशियातील पहिली दुग्धपेढी सुरू केली, तीमागे तत्त्व तेच.

औषधविक्रेत्या बंधूंसही दोन शब्द. १९९२ च्या आणि २००३ मध्ये सुधारलेल्या कायद्याने शिशुदुधाच्या डब्यांची व दूधबाटल्यांची जाहिरात निषिद्ध आहे. तरीही विक्रेत्याच्या तोंडच्या शिफारशीवरून डबा घरी जातो, आणि तो महिनाभर पुरावा म्हणून दूध पातळ केले जाते. डबा मागणाऱ्या पित्यास बाळाचे वजन किती व हे कोणी लिहून दिले, एवढे तरी विचारावे; चिठ्ठी नसल्यास त्यास डबा न देता रुग्णालयाकडे परत पाठवावे.