चरबी कुणाची, हे विचारायचं नाही?

१८५७चा विषय निघाला, की नंदुरबारच्या शाळेतलं पोरगंही एका दमात सांगतं : काडतुसांना गाय-डुकराची चरबी लावल्याची अफवा पसरली आणि शिपाई बिथरले. यातला ‘अफवा’ हा शब्द खटकतो.

एन्फिल्ड रायफलचं काडतूस म्हणजे कागदाची सुरळी. एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला शिशाची गोळी. गोळीकडची बाजू वितळलेल्या चरबी-मेणात बुडवलेली असे. नळीला आतून आटे पाडलेले. वंगण नसेल तर ठासताना गोळी अडायची आणि जळक्या दारूची काजळी नळीत घट्ट बसायची. म्हणजे वंगण हवंच होतं. परदेशातले हौशी नेमबाज रायफलची रिकामी पितळी काडतुसं पुन्हा भरतात, तेव्हा साच्यात घालण्याआधी तेही वंगण लावतात. अनेकदा ते मेंढीच्या लोकरीतलं लॅनोलिन असतं. फरक इतकाच, की काय लावायचं ते त्यांचं ते ठरवतात. शिपायाला मात्र ते काडतूस दाताने फाडायचा हुकूम होता.

जानेवारी १८५७मध्ये डमडमला कुजबुज सुरू झाली. सरकारने चौकशी केली, तेव्हा आक्षेपार्ह चरबी टाळण्याची खास खबरदारी घेतली गेली नव्हती, हे कलकत्त्याच्या दारूगोळा खात्यालाच कबूल करावं लागलं. कंत्राटदाराने आणली, कारखान्याने फासली. याला निव्वळ अफवा कसं म्हणायचं?

मग धावपळ झाली. शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण लावावं, अशी मुभा मिळाली. दाताऐवजी हाताने फाडायची कवायत आली. तोवर बराकपूरला कागदाच्या चकाकीवरही संशय घेतला जाऊ लागला होता. २४ एप्रिलला मेरठच्या ८५ घोडेस्वारांनी नाकारलेली काडतुसं तर जुन्याच पद्धतीची होती. काडतूस शुद्ध होतं, सरकारचा शब्द बाटला होता.

खानदेशात तर चरबीचा संबंधच नव्हता. नंदुरबार तेव्हा याच मुलखात मोडत होतं. सातपुड्यात उठाव करणाऱ्या भिल्लांच्या हाती एन्फिल्ड दिलीच नव्हती, तरी ते उठले. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक एकेकाळी कंपनीचाच चाकर. पुढे नोकरी गेली, तुरुंग वाट्याला आला. भीमा नाईकाच्या जोडीने त्याने सरकारला जेरीस आणलं. ११ एप्रिल १८५८ला आंबापाणीची लढाई झाली आणि पकडलेल्या भिल्लांना गोळ्या घालण्यात आल्या. सगळं खापर चरबीवर फोडलं, की ही माणसं गोष्टीतून आपोआप गळतात. साहेबाच्या सोयीचीच ती मांडणी.

तेव्हा गुरुजनांना एवढीच विनंती : १८५७ शिकवताना कलकत्त्याची ती कबुली फळ्यावर लिहा आणि त्याच तासाला आंबापाणीही शिकवा. मेरठची तारीख पाठ असलेल्या नंदुरबारच्या मुलांना सातपुड्यातली तारीखही यायला हवी.