शिट्टीवाल्यांची सोहबत

आमच्या शोकेसमध्ये चिनी मातीच्या किटलीशेजारी एक पत्र्याची शिट्टी उभी आहे. पाहुणे हमखास विचारतात, "उरुसातून घेतली का?" दिसते तशीच. वीतभरापेक्षा थोडी लांब नळी, सहा भोकं, वर प्लॅस्टिकचं तोंड. पण ही आली आयर्लंडहून, आपाच्या धाकट्या मुलाच्या बॅगेतून. त्याने ती बॅगेतून काढली तेव्हा आपाने कपाळावर हात मारला होता. "तीन वर्षांनी घरी आलास आणि मामूला हे आणलंस?"

भाचा तिकडे क्लेअर परगण्यात एका इस्पितळात नर्स आहे. कोकणातली पोरं परदेशी जाणं आपल्याला नवं नाही. आखातात तर घराघरातून कोणी ना कोणी गेलेलं. पण तिथे खोलीत निदान चार गाववाले असतात. हा एकटाच गेला. डिसेंबरात तिकडे साडेचारच्या सुमारास अंधार पडतो. ड्युटी संपवून खोलीवर यायचं, भात लावायचा, आपाला फोन करून "सब ठीक आहे" म्हणायचं आणि झोपायचं. ठीक नव्हतं, हे आपाला आवाजावरून कळायचं. आम्हालाही कळायचं, पण इथून करणार काय? आम्ही आपलं "मन रमव" असं सांगत होतो, जणू मन रमवायची जागा खिशातच असते.

ती जागा त्याला सहकारी बाईंनी दाखवली. निवृत्तीला टेकलेल्या त्या बाई दर मंगळवारी संध्याकाळी गावातल्या एका हॉलमध्ये टिन व्हिसल वाजवायला जात. एकदा त्यालाही घेऊन गेल्या. गोल मांडलेल्या दहा-बारा खुर्च्या. शाळकरी मुलगी, ट्रॅक्टरवाला शेतकरी, दोन आज्या, पोस्टातला एक गृहस्थ. श्रोता एकही नाही. सगळे एकमेकांकडे तोंड करून बसलेले.

या वाद्याची गंमत अशी की ते गरिबाचं म्हणूनच वाढलं. सफोकमधल्या कोनी वेस्टन गावच्या रॉबर्ट क्लार्क नावाच्या शेतमजुराने 1843 साली पत्रा वळवून त्याची शिट्टी बनवली आणि पुढे मँचेस्टरला कारखाना काढला. लाकडी पाव्यापेक्षा ही स्वस्त. पेनी व्हिसल हे तिचं दुसरं नाव. आयर्लंडात ती अशी रुजली की आज तिथल्या प्राथमिक शाळेतल्या कितीतरी मुलांचं ते पहिलं वाद्य असतं. त्यामुळे आईबाप काही वर्षं कानात बोळे घालून फिरतात, असं भाचा सांगतो. वरच्या सप्तकात ती खरोखरच कान फाडते.

क्लेअरमध्ये या संगीताचं घर म्हणजे स्वयंपाकघर. 'केली' हा शब्द आज नाचाच्या कार्यक्रमाला वापरतात, पण मुळात त्याचा अर्थ संध्याकाळी शेजाऱ्याकडे जाऊन बसणं. चुलीपाशी गप्पा, चहा, कोणी वाजवतंय, कोणी नाचतंय. 1935 साली सार्वजनिक नाचगृहांचा कायदा आला. परवान्याशिवाय नाच नाही. कायद्याचा रोख सार्वजनिक नाचांवर होता, पण पाद्री आणि पोलीस यांनी त्याच्या जोरावर घरगुती बैठकाही बंद पाडल्या. त्यात तरुण पोरं बोटी धरून इंग्लंड-अमेरिकेला निघून गेली. चुली थंड पडल्या. लंडनला गेलेल्या याच मजूर पोरांनी तिकडच्या पबांत एकत्र बसून वाजवायला सुरुवात केली, आणि वर्तुळात बसण्याची ती रीत आयर्लंडभर पसरली. गावात न मावलेली बैठक परमुलखात भरली, हे वाचून आम्हाला आखातातल्या खोल्या आठवल्या.

तरी काही चिवट माणसं गावातच राहिली. डूलिनचे रसेल बंधू तिघे. मिको शिट्टी वाजवायचा, पॅकी कॉन्सर्टिना, गसी बासरी. समुद्रकाठी शेती करणारा मिको पुढे इतका गाजला की त्याला ऐकायला दूरदेशची पोरं डूलिनला येऊ लागली. तो 1994 साली गेला.

आता बैठकीचा कायदा ऐका. सगळे एकच धून वाजवतात. तू हा सूर घे, मी तो घेतो, अशी वाटणी नाही. ज्याच्या त्याच्या बोटांच्या हरकती वेगळ्या, एवढंच. धून येत असेल तर वाजवा. येत नसेल तर गप्प बसा. गप्प बसणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही, त्याची खुर्ची कोणी काढून घेत नाही.

भाचा चार महिने गप्प बसला. शिट्टी मांडीवर, कान उघडे. पण जाणं चुकवलं नाही. हळूहळू थट्टेत सामील झाला. थंड शिट्टी बेसूर बोलते म्हणून आधी काखेत धरून ऊब देतात; दहा माणसं काखेत शिट्ट्या धरून गंभीर चेहऱ्याने बसलेली त्याने आम्हाला फोनवर करून दाखवली, तेव्हा आपा कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली. धुनांची नावं निम्म्यांना आठवत नाहीत, उरलेल्यांत त्यावरून वाद. तोंडात थुंकी अडकून शिट्टी मध्येच मुकी झाली की शेजारचा म्हणतो, "आजची सर्वांत गोड धून."

उन्हाळ्यात ही मंडळी त्याला मिलटाउन मॅलबेला घेऊन गेली. पायपर विली क्लॅन्सी 1973 मध्ये वारल्यावर त्याच्या नावाने सुरू झालेली संगीतशाळा तिथे दर जुलैत भरते. सकाळी वर्ग, नंतर जिथे जागा मिळेल तिथे बैठका. बऱ्याचशा पबात. भाच्याला संकोच होता. त्याने तो त्या शेतकऱ्याला सरळ सांगितला. शेतकरी काही बोलला नाही. आत जाऊन चहाची किटली घेऊन आला आणि मधल्या टेबलावर ठेवली. आयरिश माणसं चहाची भलती शौकीन. पहिला कप त्याने स्वतःलाच ओतला!

पाचव्या महिन्यात एका मंगळवारी धून सुरू करायची पाळी भाच्यावर आली. सुरुवात बरी झाली. दुसऱ्या भागात बोटं घसरली, दम गेला, तो थांबला. पण धून थांबली नाही. त्या शाळकरी मुलीने ती जिथे पडली तिथूनच उचलली होती, मग आज्यांनी, मग सगळ्यांनी. पुन्हा पहिला भाग आला तेव्हा तोही आत शिरला.

आमची शिट्टी शोकेसमध्ये आहे ती आपाच्या हुकमाने. आम्ही दुपारी, ती झोपली की, काढतो. तीन सूर येतात. चौथ्याला ती उठते.