लोंबती कातडी हा नट्टापट्टा नव्हे

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. अशा उन्हात, चाळीस-पन्नास किलो वजन उतरवलेल्या माणसाच्या पोटावर लोंबणाऱ्या कातडीच्या घडीत घाम साचतो, बुरशी धरते, चट्टे चिघळतात. मलमाने तात्पुरते बरे वाटते, मग पुन्हा तेच. ही कातडी व्यायामाने आत जात नाही, कारण वर्षानुवर्षे ताणलेल्या त्वचेतले लवचीक तंतूच निकामी झालेले असतात. तरी ती काढण्याची शस्त्रक्रिया ‘सौंदर्या’च्या खात्यात टाकली, की विमा कंपनी मोकळी! विमा नियामकाच्या २०१९च्या नियमांत प्लास्टिक सर्जरी वगळली आहे हे खरे. पण आरोग्याचा थेट, तातडीचा धोका टाळणाऱ्या, डॉक्टरांनी प्रमाणित केलेल्या उपचाराला तिथेही वाट ठेवली आहे. वारंवार चिघळणारी जखम त्या वाटेने आत यायला हवी.

कुपोषणाशी झुंजणाऱ्या शेजारच्या गडचिरोलीत सरकारी पैशाने हे चोचले कशाला, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, आणि बाळांच्या आहाराचा पैसा इकडे वळवू नयेच. पण याच पट्ट्यात हत्तीरोगातल्या अंडवृद्धीची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत होते, ती दिसण्यासाठी नव्हे, नीट चालता यावे, कामाला जाता यावे म्हणून. तोच निकष इथे लावा. सरसकट मात्र नको: वजन किमान सहा महिने स्थिर हवे, आणि खर्रा बंद, कारण त्यातल्या तंबाखूने जखम नीट भरत नाही. लांब व्रण आणि रक्ताच्या गुठळीचा धोकाही आधी समजावलेला असावा. आरोग्य विभागाने हे निकष लेखी जाहीर करावेत.