अठरा वर्षे पूर्ण झाली, आता पत्ता कोणाचा?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडलेच नाहीत. वाडीतील काही मुले त्या रात्री आश्रमशाळेच्या वसतिगृहात होती म्हणून वाचली. सकाळ झाली तेव्हा त्यांच्यापैकी काहींना ना घर उरले होते, ना आईवडील. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी अनाथ झालेल्या २ ते १४ वयोगटातील मुलांचे पालकत्व स्वीकारल्याचे जाहीर केले. बातम्या झाल्या, फोटो छापून आले, पुढे वाचलेल्या कुटुंबांसाठी घरेही उभी राहिली.

आता एक साधा हिशेब करू. तेव्हा १४ वर्षांचे असलेले मूल २०२७ मध्ये १८ वर्षांचे होईल. तेव्हा दोन वर्षांचे असलेले मूल २०३९ मध्ये. त्या दिवशी कायद्याच्या लेखी ते ‘बालक’ राहणार नाही. बालकासाठी असलेली योजना, समिती, अनुदान, सगळे हळूहळू बंद होईल. मंत्री बदलतात, सरकारे बदलतात. त्या मुलाच्या रेशनकार्डावर, भाडेकरारावर, कॉलेजच्या अर्जावर ‘पालक’ म्हणून सही कोण करणार, हा प्रश्न मात्र तिथेच राहील.

इर्शाळवाडीची निदान बातमी झाली. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात ज्यांची बातमी झाली नाही अशीही मुले आहेत. कडाव, कशेळे, पाथरजच्या बाजूच्या ठाकूर-कातकरी वाड्यांत, आपल्या बौद्धवाड्यांत, खोपोलीच्या कामगार वस्त्यांत आजार, दारू, अपघात आणि वीटभट्टीवरचे स्थलांतर यांनी किती घरे मोडली हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. त्या घरांतील मुले कुणी मामाकडे, कुणी आजीकडे, कुणी आश्रमशाळेत, तर कुणी बालगृहात वाढतात. आपण त्यांच्या लहानपणाबद्दल हळहळतो, वह्या-दप्तरे वाटतो. खरी कसोटी पुढे अठराव्या वर्षी असते आणि तिथे आपण कुणीच नसतो.

कायदा काय म्हणतो?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ चे कलम ४६ सांगते की संस्थेतून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलाला समाजात सामावून घेण्यासाठी आर्थिक साहाय्य देता येईल. महाराष्ट्रात याला ‘अनुरक्षण’ हा शब्द रुळला आहे. हा आधार २१ व्या वर्षापर्यंत असतो आणि अपवादात्मक स्थितीत तो आणखी दोन वर्षे वाढवता येतो. २०१६ च्या आदर्श नियमांत तर बरेच काही आहे. मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याचा पुढचा आराखडा तयार करून समितीपुढे ठेवायचा. सहा ते आठ जणांनी मिळून राहायची तात्पुरती घरे. प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, कर्ज मिळवून देण्यास मदत. मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपये ठरवले आहेत.

कागदावर हे वाईट नाही. अडचण तीन ठिकाणी आहे.

पहिली अडचण व्याख्येतच आहे. कायद्यातील अनुरक्षण हे संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे ज्या मुलाला बालकल्याण समितीसमोर हजर केले गेले, नोंदणीकृत बालगृहात ठेवले गेले, ते मूल या चौकटीत येते. आजीकडे वाढलेले मूल येत नाही. त्याला फार तर बालसंगोपन योजनेचे दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि तेही १८ पर्यंतच. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाची. तिथे वाढलेल्या अनाथ मुलाला शाळा सोडल्याचा दाखला मिळतो, अनुरक्षण मिळत नाही. कर्जत-खालापूरमध्ये आईवडील नसलेली मुले बहुतांशी याच दोन वाटांनी वाढतात. म्हणजे ज्यांच्यासाठी आधाराची गरज बोलून दाखवली जाते, त्यातले बरेच जण मुळात हिशेबातच नाहीत.

दुसरी अडचण अंतराची. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, जिल्हा बालसंरक्षण कक्ष, ही सगळी जिल्ह्याची यंत्रणा अलिबागची. कडावहून निघालेल्या मुलाला कर्जत, खोपोली, पेण करत तिथे पोहोचायचे तर एक दिवस आणि एक दिवसाची मजुरी जाते. साहेब दौऱ्यावर असतील तर दुसरा दिवस. रिसॉर्टमध्ये साफसफाई करणारा किंवा कंत्राटदाराकडे हजेरीवर जाणारा अठरा वर्षांचा मुलगा असे किती खाडे करेल?

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी, आणि ती कागदाची आहे. जातीचा दाखला काढायचा तर अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, वडिलांचे प्रमाणपत्र. आईवडील असलेल्या घरात हे गोळा करताना दमछाक होते. ज्याचे आईवडील गेले, ज्याला आपल्या गावाचे नावही नीट ठाऊक नाही, त्याने हे कुठून आणायचे? बौद्ध आईबापांचे मूल संस्थेत वाढले आणि कागद हरवले, तर बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या सवलतींच्या दारातही ते उभे राहू शकत नाही.

यावर उपाय म्हणून राज्याने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण व नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण आणले. पुढे त्यात संस्थेत वाढलेले आणि संस्थेबाहेर, म्हणजे नातेवाइकांकडे वाढलेले, असे दोन्ही गट घेतले गेले. हे पाऊल महत्त्वाचे आहे आणि ते एका अनाथ तरुणीने मंत्रालयाचे दार ठोठावल्यामुळे पडले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते आणि ते पुन्हा जिल्हा कार्यालयाच्या वाटेवरच आहे. मामाकडे वाढलेल्या मुलाला असे प्रमाणपत्र असते हेच कुणी सांगितलेले नसते.

अठरा हा आकडा दगडावरची रेघ नाही

सरकारला हे कळत नाही असे नाही. कोविडमध्ये आईवडील गमावलेल्या मुलांसाठी पीएम केअर्स योजना आली तेव्हा १८ ते २३ या वयात दरमहा विद्यावेतन आणि २३ व्या वर्षी १० लाख रुपये अशी रचना केली गेली. म्हणजे १८ व्या वर्षी माणूस आपल्या पायावर उभा राहत नाही, हे राज्यकर्त्यांनी मान्य केले. मग कोविडने अनाथ झालेल्याला २३ पर्यंत हात आणि दरडीने, क्षयरोगाने किंवा दारूने अनाथ झालेल्याला वेगळा न्याय का? मृत्यूचे कारण बदलले म्हणून मुलाची भूक बदलत नाही. इंग्लंडमध्ये संस्थेतून किंवा पालक कुटुंबातून बाहेर पडलेल्या तरुणाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत सल्लागार मागता येतो. तिथेही तक्रारी आहेत, पण निदान एका माणसाचे नाव ठरलेले असते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. ‘पुनर्वसन’ या शब्दाचा अर्थ अनेकदा ‘लग्न’ असा लावला जातो. अठरा पूर्ण झाली की स्थळ शोधायचे, पाहुण्यांच्या साक्षीने सोहळा करायचा आणि फाइल बंद. त्या मुलीला शिकायचे होते का, हे विचारायला तिच्या बाजूने बसलेले कुणी नसते. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी तरी याला पुनर्वसन म्हणू नये.

अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर अपंग, बेवारस मुलांना सांभाळतात. १८ वर्षांनंतर या मुलांनी जायचे कुठे, हा प्रश्न ते वर्षानुवर्षे सरकारला विचारत आले आहेत. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी मुलांना निवारा तर दिलाच, आपले आडनावही दिले. आधार कार्डापासून परीक्षेच्या अर्जापर्यंत त्या नावाचा उपयोग झाला. त्याच घरात वाढलेली दृष्टिहीन माला पापळकर २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. नाव, पत्ता आणि पाठीशी उभा असलेला माणूस मिळाला की काय होते, याचे हे उदाहरण आहे.

विहार काय करू शकतो?

‘ही मुले आपल्या समाजाची थोडीच आहेत?’ असा प्रश्न काहींच्या मनात येईल. इर्शाळवाडीची मुले ठाकूर आहेत. बालगृहातील कित्येकांची जात कुणालाच ठाऊक नसते. पण ज्याची जात ठाऊक नाही त्याला आपले म्हणायला धम्मात अडचण कुठे आहे? याच जिल्ह्यातील महाडला १९२७ मध्ये पाण्यासाठी झालेला सत्याग्रह माणूसपणाच्या हक्कासाठी होता. त्याआधी, १९२५ मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले होते. बहुजन हिताय संस्थेने महाराष्ट्रात मुलामुलींची वसतिगृहे चालवली. मुलांना राहायला जागा आणि शिकायला आधार देणे हे या चळवळीचे जुने काम आहे. फक्त ते दहावी-बारावीला थांबते. ते पुढे न्यायचे आहे.

एक इशारा आधी. उत्साहाच्या भरात कुणी विहारात अनाथाश्रम उघडू नये. बालकांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. विनानोंदणी संस्था चालवणे हा गुन्हा आहे. नोंदणी आणि तपासणी नसली की मुलांचे काय हाल होतात, हे कर्जत तालुक्याने २०१४ मध्ये एका खासगी आश्रमशाळेच्या प्रकरणात पाहिले आहे. मुलांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकणेही कायद्याला धरून नाही. आणि मदतीच्या बदल्यात दीक्षेची अपेक्षा ठेवणे हे धम्माला धरून नाही.

करता येण्यासारखे काम त्यापेक्षा साधे आहे, पण चिकाटीचे आहे.

प्रत्येक विहार समितीने आपल्या पंचक्रोशीतील १५ ते १८ वयाच्या, आईवडील नसलेल्या मुलामुलींची माहिती गोळा करावी. प्रत्येक गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली बालसंरक्षण समिती असायला हवी. ती बसते का, हे ग्रामसभेत विचारावे. यादी तिच्याकडे द्यावी, भिंतीवर लावू नये.

मूल १६ वर्षांचे झाले की कागदांची फाइल सुरू करावी: जन्मदाखला, आईवडिलांचे मृत्यूदाखले, आधार, बँक खाते, अधिवास, जातीचा दाखला किंवा अनाथ प्रमाणपत्र. सेतू आणि तहसील कार्यालयाची माहिती असलेले दोन कार्यकर्ते या कामाला नेमावेत. अलिबागची फेरी त्या मुलाने एकट्याने करण्यापेक्षा दहा मुलांचे अर्ज घेऊन एका कार्यकर्त्याने करावी.

कर्जत, नेरळ किंवा खोपोलीत एक खोली चार-सहा तरुणांना मिळून घेता येते. अडते ते डिपॉझिटवर आणि ओळखीवर. समाजातील नोकरदारांनी डिपॉझिटचा फिरता निधी उभा केला आणि ओळखीला एक जबाबदार माणूस उभा राहिला, तर नियमांतील ते सहा-आठ जणांचे घर सरकारची वाट न पाहताही सुरू होऊ शकते. मुलींसाठी हे काम महिला मंडळांच्या देखरेखीखाली व्हावे.

आणि मागणी सोडायची नाही. अनुरक्षणाचा लाभ नातेवाइकांकडे आणि आश्रमशाळेत वाढलेल्या अनाथांनाही मिळावा. वयाची मर्यादा सर्वांसाठी २३ करावी. महिन्यातून एक दिवस तरी ही यंत्रणा कर्जत आणि खालापूरच्या तहसील कार्यालयात बसावी. यासाठी मोर्चा लागेल तर मोर्चा, निवेदन लागेल तर निवेदन.

इर्शाळवाडीतील पहिले मूल १८ वर्षांचे होईल त्या दिवशी त्याला एक फॉर्म भरायचा असेल. त्यात कायमचा पत्ता, पालकाचे नाव आणि ओळख देणाऱ्याची सही असे तीन रकाने असतील. दरडीखाली गेलेला पत्ता आपण परत आणू शकत नाही. ओळख देणाऱ्याच्या रकान्यात सही मात्र आपल्यापैकी कुणीही करू शकतो. येत्या वर्षावासात विहारात धम्मप्रवचनानंतर अर्धा तास या विषयाला द्या. आपल्या गावातील अशा मुलांची नावे आठवा आणि प्रत्येक नावापुढे एका कार्यकर्त्याचे नाव लिहा.

जयभीम.