फ्रँकफुर्टचा मधला मुक्काम

या सदरात मी वर्षभर पुस्तकांविषयी गप्पा मारतो आणि वाचक त्या सोशिकपणे ऐकून घेतात. दिवाळीच्या अंकात मात्र काहीतरी घरातले सांगावे, असा संपादकांचा प्रेमळ हट्ट असतो. म्हणून यंदा एक प्रवासातली हकीकत सांगतो. प्रवास मोठा होता, पण हकीकत आहे ती त्यातल्या अवघ्या पाच तासांची.

आमच्या चिरंजीवांचा अमेरिकेत पदवीदान समारंभ होता. मे महिन्यात आम्ही उभयता निघालो. मुंबईहून मध्यरात्री सुटलेले विमान सकाळी साडेसातला फ्रँकफुर्टला उतरणार आणि पुढचे विमान संध्याकाळी पाचला! मध्ये साडेनऊ तास. तिकीट काढून देणाऱ्या गृहस्थांनी जरा ओशाळून सांगितले, "साहेब, थांबा थोडा लांब आहे, पण भाडे कमी पडतं." मी मात्र मनातून हरखलो. फ्रँकफुर्ट म्हणजे गटेचे जन्मगाव! गेली वीस वर्षे 'संगीत शाकुंतल' शिकवताना मी पहिल्या तासाला न चुकता सांगत आलो आहे, की जर्मन महाकवी गटे कालिदासाचे शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला होता. ज्या घरात हा नाच झाला ते घर बघायची संधी आपण होऊन चालत आली होती.

पण विमानतळाबाहेर पाऊल टाकायचे तर शेंगेन व्हिसा लागतो. पासपोर्टावर अमेरिकेचा व्हिसा आहे, एवढ्यावर दाराबाहेर कोणी सोडत नाही. माणशी ९० युरो शुल्क, शिवाय निदान ३० हजार युरोंचा आजारपणाचा विमा. सौ.ने लगेच तोंडी हिशेब केला. "दोघांचे १८० युरो! एवढ्यात दिवाळीचे पडदे झाले असते." मी म्हणालो, "पडदे काय, दरवर्षीच होतात." (खरे म्हणजे ते चार वर्षांत झालेले नाहीत. पण नवऱ्यांना अशी विधाने करावी लागतात.)

निघण्यापूर्वी मी एका कागदावर प्रेक्षणीय स्थळांची यादी केली. कॅथीड्रल, १८४८ साली जिथे जर्मनीची पहिली राष्ट्रीय सभा भरली ते पाउल्सकिर्श, जुना चौक, श्टेडेल चित्रसंग्रहालय, डायनोसॉरच्या सांगाड्यांचे झेंकेनबेर्ग, पामगार्डन, उंच मनोऱ्यावरचा सज्जा, अशी एकूण अकरा. सौ.ने कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाली, "अहो, अष्टविनायकसुद्धा आठच आहेत, आणि त्यांना दोन दिवस लागतात."

तिने मग पाठीमागून मोजायला सुरुवात केली. हिशेब शिकण्यासारखा आहे म्हणून इथे देतो. पाचचे विमान, म्हणजे तपासणीच्या रांगेसाठी अडीचला विमानतळावर परत. सकाळी उतरल्यावर पासपोर्टाच्या रांगेत तास-दीड तास. त्यातून परदेशी पाहुण्यांची यंत्रावर नोंद करण्याची नवी पद्धत २०२५ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेली. शहरात जायला-यायला एक तास. राहिले किती? फार तर साडेचार-पाच. "साडेनऊचे पाचच झाले," ती म्हणाली. "तासाला छत्तीस युरो पडले. आता त्यात काय बघायचं ते एकच सांगा." मी गटे सांगितला. तिने एकच अट घातली : "कुठेतरी अर्धा तास नुसतं बसायचं. घाई नाही, फोन नाही."

प्रत्यक्षात सगळे पाठीमागून मोजल्याप्रमाणेच घडले. मोठ्या बॅगा परस्पर पुढे जाणार होत्या, हातातली एक ओझ्याची पिशवी आम्ही विमानतळावरच सामानघरात ठेवली. विमानतळाच्या पोटातच लोकलचे स्टेशन आहे. तिथून एस आठ किंवा एस नऊ क्रमांकाची गाडी पाऊण घटकेत शहरात नेते. फलाटावर ना फाटक, ना तिकीट तपासनीस. आपण तिकीट काढले आहे हे आपल्यालाच ठाऊक. मात्र गाडीत तपासनीस भेटला आणि तिकीट नसले, तर ६० युरो दंड. पाच जणांपर्यंत एकत्र हिंडता येईल असे दिवसाचे तिकीट मिळते ते आम्ही काढले.

हाउप्टवाखेला उतरून वर आलो तेव्हा साडेनऊ वाजत होते. गटेचे घर उघडायला अवकाश होता. जवळच क्लाइनमार्क्टहाले नावाची बंदिस्त मंडई आहे. तिथे शिरलो आणि माझी गृहिणी एकदम घरी आल्यासारखी वागू लागली. एका दुकानात पांढऱ्या कागदात गुंडाळलेली हिरव्या पाल्याची पुडकी रचून ठेवली होती. हे तिथले कौतुकाचे पक्वान्न. सात पालेभाज्या बारीक चिरून आंबट सायीत किंवा दह्यात कालवायच्या आणि तो गार हिरवा रस्सा उकडलेल्या बटाट्यांबरोबर आणि अंड्यांबरोबर खायचा. सौ.ने पुडके उघडून दाखवायला लावले आणि एकेक पान नाकाशी धरले. "हा चुकाच की हो! आणि हे काय, अळिवाचा पाला! ही तर यांची ऋषीची भाजी." सातांपैकी दोन ओळखी निघाल्या, एवढ्या आनंदात तिने मला माझ्या यादीतली दहा स्थळे माफ केली.

तिथून जुन्या चौकात आलो. लाकडी चौकटींची उतरत्या छपरांची घरे बघून मी शतकांच्या गोष्टी सांगू लागलो, तोच तिथल्या पाटीने माझे तोंड बंद केले. चौकातली ती घरे १९८०च्या दशकात उभी राहिली आहेत. १९४४ च्या मार्चमधल्या बाँबवर्षावात जुने फ्रँकफुर्ट जळून गेले. पलीकडची गल्ली तर २०१८ साली पुरी झाली : ३५ घरे, त्यांतली १५ जुन्याबरहुकूम. "म्हणजे आपल्या लग्नापेक्षाही नवी," सौ. म्हणाली.

चौकाच्या खालीच माइन नदी. नदीवर १८६९ सालचा एक लोखंडी पादचारी पूल आहे, त्याच्या जवळच्या एका बाकावर आम्ही बसलो. तिच्या अटीचा अर्धा तास. नदीवरून एक लांबलचक मालवाहू बोट सावकाश गेली. लग्नाला चोवीस वर्षे झाली. कुकर नाही, दूधवाला नाही, परीक्षेचे पेपर नाहीत, असा अर्धा तास यापूर्वी कधी मिळाला होता ते आठवेना. मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही. पण आम्ही दोघे एकाच गोष्टीविषयी बोलत नव्हतो, हे दोघांनाही ठाऊक होते. चिरंजीवांनी फेब्रुवारीत फोनवर सांगितले होते की तिथे नोकरीची एक संधी आहे. पुढे काही त्याने सांगितले नव्हते आणि आम्ही विचारलेही नव्हते.

गटेचे घर ग्रोसर हिर्शग्राबेन या रस्त्यावर आहे. घर मोठे, सुखवस्तू. खाली स्वयंपाकघर, त्यात घरचा पाण्याचा पंप, वर दिवाणखाने, वडिलांचा ग्रंथसंग्रह, बहिणीची खोली आणि सर्वांत वर कवीची खोली. इथेच 'वेर्थर' लिहिले गेले, इथेच 'फाउस्ट'ची सुरुवात झाली. हेही घर १९४४ च्या २२ मार्चला पडले. गटेचे निधनही २२ मार्चलाच, १८३२ साली झालेले. वस्तू आधीच सुरक्षित जागी हलवल्या होत्या म्हणून वाचल्या. पुन्हा घर बांधावे की पडलेले तसेच राहू द्यावे, यावर तिथे मोठा वाद झाला. अखेर जुन्याबरहुकूम बांधून १९५१ साली ते उघडले. भिंती नव्या, सामान जुने.

वरच्या खोलीत मी भक्तिभावाने उभा राहिलो. "इथेच कुठेतरी शाकुंतल डोक्यावर घेऊन..." मी म्हणालो.

सौ. माहितीचा कागद वाचत होती. "अहो, तुमचं शाकुंतल जर्मनमध्ये कधी आलं?"

"१७९१. सर विल्यम जोन्सने १७८९ मध्ये इंग्रजी केलं, त्यावरून गेओर्ग फॉर्स्टरने जर्मन केलं." हे मला पाठ आहे.

"आणि हे गृहस्थ १७७५ मध्ये घर सोडून वायमारला गेले असं इथे लिहिलंय."

मी पुन्हा वजाबाकी केली. सोळा वर्षे! ही माझ्या ध्यानात वीस वर्षांत आली नव्हती. शाकुंतल गटेने वाचले ते वायमारला, बेचाळिशीत. त्यावर त्याने चार ओळींची स्तुती लिहिली हे खरे. पुढे एक्क्याऐंशीव्या वर्षी, १८३० मध्ये, फ्रेंच आवृत्ती हाती आल्यावर त्याने संपादकाला कृतज्ञतेचे पत्र लिहिले हेही खरे. फाउस्टच्या आरंभी रंगमंचावरचा प्रवेश आहे त्यामागे आपला सूत्रधार आहे असे अभ्यासक मानतात. पण नाचाचा पुरावा कुठेही नाही. तो नाच आपण सर्वांनी मिळून त्याच्या नावावर चढवला आहे.

मी खजील होऊन जिना उतरलो. सौ. स्वयंपाकघरात पंपापाशी उभी होती.

"आणि त्याची आई?" तिने विचारले.

"आई इथेच राहिली. वडील १७८२ मध्ये गेले. हे घर तिने १७९५ मध्ये विकलं, पण गाव सोडलं नाही."

"वायमार किती लांब?"

"सुमारे अडीचशे किलोमीटर."

"मग येत असेल तो."

मला खोटे सांगता आले असते. नुकताच एक नाच हातातून गेला होता, दुसरा उभा करणे अवघड नव्हते. पण म्हणालो, "फार थोड्या वेळा. शेवटचा १७९७ मध्ये. आई १८०८ मध्ये गेली."

ती काही बोलली नाही. तिने पंपाकडे पाहिले, चुलीकडे पाहिले. बाहेर आल्यावर, रस्त्यातच, माझा हात धरून म्हणाली, "तो परत यायचा नाही, हो ना?" फेब्रुवारीपासून घरात कोणी न उच्चारलेले वाक्य असे त्या परक्या गल्लीत उच्चारले गेले. मग आम्ही एका खानावळीत बसलो, तो हिरवा रस्सा आणि बटाटे मागवले आणि तासभर बोललो. काय बोललो ते इथे सांगत नाही. पण एवढे ठरले की पोचल्यावर त्याला विचारायचे, आणि तो जे सांगेल त्यावर त्याच्यासमोर डोळ्यांत पाणी आणायचे नाही. हा ठरावातला दुसरा भाग कोणासाठी होता ते तिने सांगितले नाही. पण माझ्याकडे पाहत सांगितले.

अडीचला पाच मिनिटे कमी असताना आम्ही विमानतळावर परत होतो. यादीतली दहा स्थळे राहिली ती राहिलीच.

मुलाला विचारले. त्याने नोकरी धरली आहे. जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर 'संगीत शाकुंतल'च्या पहिल्या तासाला मी नाचाची गोष्ट सांगितली नाही. फक्त चार ओळींची सांगितली. मुलांना फरक पडला असे दिसले नाही. पण चौथा अंक, कण्व मुलीची पाठवणी करतो तो, यंदा मला नेहमीपेक्षा सावकाश शिकवावा लागला.

चिरंजीव या दिवाळीला येतो म्हणाले आहेत. तिकीट काढले का, हे मी विचारलेले नाही. मधला मुक्काम किती तासांचा आहे, एवढे मात्र त्याच्या आईने विचारून घेतले आहे.